पंचगंगेच्या आलेखांवरील मराठी मजकूर : फॉन्ट आणि मापनाच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५

पंचगंगेची पाणीपातळी आणि कोल्हापूर जिल्ह्यातील बाराही तालुक्यांचा पाऊस दाखवणारे आलेख आमचा गट ज्या ग्राफिक्स लायब्ररीतून काढतो, तिच्या मजकुराच्या भागाची फेररचना आजपासून हाती घेतली आहे. लायब्ररी सी भाषेत लिहिलेली असून ती एकाच आलेखाची पीएनजी, एसव्हीजी आणि पीडीएफ अशी तीन रूपे तयार करते. रेषा, रंग आणि छायांकन हे भाग समाधानकारक आहेत. मजकुराचा भाग मात्र रोमन लिपी समोर ठेवून रचलेला आहे आणि मराठी आलेखावर त्याचे परिणाम उघड दिसतात. ‘नृसिंहवाडी’ या नावामागची चौकट नावापेक्षा बरीच रुंद येते, ‘गडहिंग्लज’ अक्षावरील खुणेच्या मध्यावर बसत नाही, आणि राजाराम बंधाऱ्याच्या आलेखात ‘धोका पातळी’ या शब्दांवरील मात्रा आणि वेलांटी वरच्या कडेला कापली जाते.

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या नदीकाठच्या माणसाला हे दोन्ही आकडे पाठ असतात आणि आलेख हातात आला की त्याची नजर प्रथम त्याच दोन रेषांवर जाते. त्या रेषांवरील नावे तुटकी किंवा एकमेकांवर चढलेली असणे ही केवळ देखणेपणाची उणीव मानता येणार नाही, म्हणून पावसाळा जोर धरण्यापूर्वी हे काम पुरे करायचे ठरले आहे.

जुन्या मापनाची पद्धत सरळ आहे : प्रत्येक संकेताची (म्हणजे मजकुरात साठवलेल्या प्रत्येक अक्षर-चिन्हाच्या क्रमांकाची) रुंदी तक्त्यातून घ्यायची आणि त्यांची बेरीज करायची. रोमन लिपीत, जोडीजोडीने अंतर कमीजास्त करण्याचा भाग सोडला तर, ही बेरीज बरोबर येते. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्येही ती बरोबर येत असे, कारण त्या फॉन्टमध्ये काना, मात्रा, वेलांटी आणि अर्धी अक्षरे यांचे सुटे तुकडे स्वतंत्र संकेतांवर बसवलेले असत आणि टंकलेखक ते तुकडे डोळ्याला दिसतात त्याच क्रमाने टंकित करीत असे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या अक्षरसंकेतांच्या मानकात मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो आणि तो कसा दिसावा हे फॉन्टमधील नियम ठरवतात. त्यामुळे सुट्या संकेताला स्वतःची अशी रुंदीच उरत नाही, आणि मापनाचे सारे काम मजकूर रचून झाल्यानंतरच सुरू होऊ शकते. पुढील सर्व निर्णय या एका गोष्टीवर उभे राहणार आहेत.

१० एप्रिल २०२५

संकेतांच्या माळेतून ग्लिफांची, म्हणजे फॉन्टमधील अक्षराकृतींची, माळ तयार करण्याचे काम, म्हणजेच शेपिंग, हार्फबझ या मुक्त लायब्ररीकडे सोपवले आहे आणि ग्लिफांच्या बाह्यरेषा वाचण्याचे काम फ्रीटाइप या दुसऱ्या लायब्ररीकडे ठेवले आहे. देवनागरीचे नियम आपल्याच लायब्ररीत लिहावेत, म्हणजे बाहेरचे अवलंबन वाढणार नाही, असा एक विचार बैठकीत मांडला गेला होता. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. अक्षरगट ओळखणे, रफार गटाच्या शेवटी नेणे, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणणे, अर्धी रूपे निवडणे हे सामान्य नियम लिहिता येतील. परंतु त्यानंतर प्रत्येक ओपनटाइप फॉन्टमधील अदलाबदलीचा तक्ता आणि ग्लिफांची जागा ठरवणारा तक्ता वाचून त्या फॉन्टचे स्वतःचे नियम लावावे लागतात, आणि तो भाग वर्षानुवर्षे तपासून घट्ट झालेल्या लायब्ररीतच असावा असे माझे स्पष्ट मत आहे.

‘गडहिंग्लज’ हा शब्द कसोटीसाठी उत्तम आहे. त्यात नऊ संकेत आहेत आणि देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत तीन बाइट घेत असल्यामुळे त्याचे सत्तावीस बाइट होतात. शेपिंगनंतर ऱ्हस्व वेलांटी ‘ह’च्या आधी जाते, अनुस्वार वर बसतो, आणि ‘ग’, हलन्त, ‘ल’ या तीन संकेतांतून अर्धा ‘ग’ आणि पूर्ण ‘ल’ किंवा फॉन्टनुसार एकच जोडाक्षर तयार होते. हार्फबझ प्रत्येक ग्लिफाबरोबर चार गोष्टी देते : ग्लिफाचा क्रमांक, पुढचा ग्लिफ कोठून सुरू करायचा हे सांगणारे अंतर (या नोंदींत त्याला ॲडव्हान्स म्हटले आहे), मूळ जागेपासूनचे सरकणे, आणि हा ग्लिफ मूळ मजकुरातील कोणत्या बाइटापासून आला ते सांगणारा क्लस्टर. अनुस्वारासारख्या चिन्हाचा ॲडव्हान्स पुष्कळदा शून्य असतो आणि त्याची जागा केवळ सरकण्यातून ठरते. जुनी बेरीज त्यालाही रुंदी देत होती. ‘नृसिंहवाडी’ची चौकट फुगण्याचे एक कारण तेथेच होते.

‘बंधाऱ्या’तील ‘ऱ्य’ वेगळ्या काळजीचा विषय आहे. तो तीन प्रकारे साठवलेला सापडतो : ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतापुढे हलन्त आणि ‘य’, ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असे दोन संकेत व पुढे हलन्त आणि ‘य’, किंवा ‘र’, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक आणि ‘य’. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात, तिसरा होत नाही. मजकूर देणाऱ्याने जे दिले ते लायब्ररीने बदलू नये असे ठरवले आहे. मात्र तिन्ही प्रकारांची रुंदी आणि रूप सारखेच आले पाहिजे, अशी चाचणी लिहिली आहे. जोडक गाळला गेला तर ‘बंधार्या’ असा रफार उमटतो. मजकूर वाचताना ‘न दिसणारी चिन्हे’ म्हणून जोडक काढून टाकणारे एक जुने फंक्शन लायब्ररीत होते, ते आज हटवले.

१५ एप्रिल २०२५

मापनाच्या फंक्शनने काय परत द्यावे यावर आजचा दिवस खर्च झाला. जुने फंक्शन एकच संख्या देत असे आणि ती रुंदी कोणत्या कामासाठी वापरायची हे वापरणाऱ्यावर सोडत असे. प्रत्यक्षात तीन वेगळी मापे लागतात. त्याच ओळीत पुढचा मजकूर कोठून सुरू करायचा हे सांगतो तो एकूण ॲडव्हान्स. प्रत्यक्ष रंग जेथे जेथे पडणार आहे तेवढा भाग व्यापणारी शाईची चौकट असते. नावामागची पार्श्वभूमी, दोन नावांची टक्कर आणि कागदाची कड यांसाठी तीच पाहावी लागते. तिसरी ओळीची चौकट, जी मजकुरात कोणती अक्षरे आहेत यावर अवलंबून नसून फॉन्टवर अवलंबून असते आणि ओळीखाली ओळ मांडताना कामी येते.

ही तिन्ही मापे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वेलांटीची कमान पुढच्या अक्षरावर झुकलेली असते, त्यामुळे तिची शाई तिच्या ॲडव्हान्सच्या बाहेर जाते. ओळीच्या शेवटी दीर्घ वेलांटी किंवा रफार आला तर शाईची चौकट उजवीकडे ॲडव्हान्सला ओलांडू शकते. उलट, शेवटी मोकळी जागा असेल तर ॲडव्हान्स वाढतो आणि शाई वाढत नाही. केवळ मोकळ्या जागेचा मजकूर दिला तर शाईची चौकट ‘रिकामी’ असते. तिला शून्य मापाची चौकट समजून इतर चौकटींशी जोडली तर एकूण चौकट विनाकारण मूळ बिंदूपर्यंत ताणली जाते, म्हणून रिकामेपणासाठी वेगळी खूण ठेवली आहे.

सर्व मापे पिक्सेलच्या चौसष्टाव्या भागात ठेवायची असे ठरले. फ्रीटाइप आणि तिच्याशी जोडलेली हार्फबझ हेच एकक वापरतात, आणि पूर्णांकात काम होत असल्यामुळे वेगवेगळ्या यंत्रांवर उत्तर बदलत नाही. लहान आकारात अक्षरे ठळक दिसावीत म्हणून हिंटिंग (बाह्यरेषा पिक्सेलच्या जाळीला जुळवून घेणे) वापरले की ॲडव्हान्स पूर्ण पिक्सेलला बसवला जातो, आणि प्रत्येक ग्लिफामागे अर्ध्या पिक्सेलपर्यंतचा फरक साठत जाऊन दहा ग्लिफांच्या नावात तो पाच पिक्सेलपर्यंत जाऊ शकतो. शिवाय पीएनजीमध्ये एक रुंदी आणि पीडीएफमध्ये दुसरी, असे झाले तर एका रूपात नीट बसलेली नावे दुसऱ्यात भिडतात. म्हणून मांडणी नेहमी हिंटिंगविना, आणि गोलाई फक्त अगदी शेवटी, रंग भरण्याच्या वेळी.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की मापन आणि चित्रण यांनी एकच रचलेला मजकूर वापरायचा. मजकूर एकदा रचला की त्याची एक वस्तू तयार होते. मापे तिच्याकडूनच विचारायची आणि रंगवायलाही तीच द्यायची. मोजताना एक फॉन्ट आणि रंगवताना दुसरा, अशी शक्यताच त्यामुळे राहत नाही.

२१ एप्रिल २०२५

ओळीच्या उंचीचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. फॉन्टचा आकार १६ पिक्सेल म्हणजे अक्षर १६ पिक्सेल उंच, असा अर्थ होत नाही. हा आकार म्हणजे धातूच्या खिळ्याच्या देहाची उंची होती आणि डिजिटल फॉन्टमध्ये तो एक कल्पित चौरस उरला आहे, ज्याचे सामान्यतः १००० किंवा २०४८ भाग केलेले असतात. अक्षर त्या चौरसात मावलेच पाहिजे असे बंधन नाही. देवनागरीत शिरोरेखेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि चंद्रबिंदू, तर खाली उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे दुसरे मजले येतात, त्यामुळे बहुतेक मराठी फॉन्टची ओळ चौरसापेक्षा उंचच असते. समजा, १००० भागांच्या फॉन्टमध्ये आधाररेषेच्या (अक्षरे जिच्यावर उभी असतात त्या कल्पित रेषेच्या) वर ११०० आणि खाली ५०० भाग दिले असतील, तर १६ पिक्सेल आकारासाठी ओळ २५.६ पिक्सेल होते. रोमन लिपीच्या सवयीने २० पिक्सेलवर दुसरी ओळ टाकली तर वरच्या ओळीतील ‘नृ’चा ऋकार खालच्या ओळीतील वेलांटीत शिरतो.

त्यातच एका फॉन्टमध्ये ही उंची तीन ठिकाणी लिहिलेली असते. आडव्या मांडणीच्या शीर्षतक्त्यात एक जोडी असते, विंडोजसाठीच्या तक्त्यात ‘टायपो’ नावाची दुसरी आणि ‘विन’ नावाची तिसरी. तिन्ही जोड्या सारख्या असतील याची हमी नाही. कोणत्या जोडीवर विसंबायचे याची परंपरा मॅक आणि विंडोज यांवर वेगळी राहिली आहे, आणि टायपो जोडीच वापरावी असे सांगणारी एक बिट-खूणही त्याच तक्त्यात ठेवता येते. आमचा क्रम असा ठरला : ती खूण असेल तर टायपो, नसेल तर शीर्षतक्त्यातील जोडी, आणि तीही शून्य असेल तर विन. एकदा ठरलेला हा क्रम सर्व यंत्रांवर आणि तिन्ही रूपांसाठी तोच राहील. ‘धोका पातळी’वरच्या चिन्हांच्या कापाकापीचे मूळही येथेच निघाले, कारण जुना कोड रोमन मोठ्या अक्षरांच्या उंचीलाच ओळीची उंची मानत होता.

एका ओळीत दोन फॉन्ट आले, उदाहरणार्थ मराठी नावापुढे एखादे गणिती चिन्ह पर्यायी फॉन्टमधून आले, तर वरच्या उंचीतील सर्वांत मोठी आणि खालच्या उंचीतील सर्वांत मोठी घ्यायची. दोन्हींची बेरीज वेगवेगळी करून मोठी निवडणे चुकीचे ठरते, कारण वरची कमाल एका फॉन्टची आणि खालची कमाल दुसऱ्याची असू शकते.

२४ एप्रिल २०२५

फॉन्ट फाइल लायब्ररीच्या चाचण्यांबरोबरच ठेवण्याचा निर्णय झाला. यंत्रावर जो देवनागरी फॉन्ट सापडेल तो वापरायचा, या पद्धतीत मापे यंत्रागणिक बदलतात. एकटाइपने घडवलेला मुक्ता आणि गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्यामुळे ते सोबत देता येतात.

२ मे २०२५

शिरोरेखेच्या सांध्यांवर बराच अभ्यास झाला आणि या प्रकल्पातील सर्वांत समाधान देणारा भाग हाच आहे.

मोठ्या आकारातील शीर्षकात ‘पंचगंगा’ हा शब्द नीट पाहिला की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेखा किंचित फिकी होते. कारण असे : प्रत्येक ग्लिफ स्वतंत्रपणे रंगवला जातो आणि सांध्यावरचा पिक्सेल दोघांत वाटला जातो. डाव्या ग्लिफाने त्या पिक्सेलचा ४० टक्के आणि उजव्याने ६० टक्के भाग व्यापला असेल, तर दोन्ही मिळून तो पूर्ण भरायला हवा. परंतु एकावर एक रंग चढवण्याच्या सूत्राने दुसरा थर उरलेल्या पारदर्शकतेवरच काम करतो, आणि एकूण व्याप्ती १०० ऐवजी ७६ टक्केच भरते. फॉन्टकार यावर उपाय म्हणून शिरोरेखा ॲडव्हान्सच्या थोडी पुढे ओढून ठेवतात, म्हणजे दोन रेषा एकमेकींवर चढतात आणि सांधा झाकला जातो. अपारदर्शक काळ्या रंगात हे पुरते. आमच्या आलेखात मात्र मागील वर्षांची नावे ५० टक्के पारदर्शक असतात, आणि तेथे चढलेल्या भागावर रंग दोनदा बसून ७५ टक्क्यांचे गडद ठिपके दिसतात. फॉन्टकाराने केलेला इलाज पारदर्शक रंगात उलटा दिसतो.

यावर उपाय मांडणीत नाही, चित्रणाच्या क्रमात आहे. संपूर्ण शब्दाच्या सर्व ग्लिफांच्या बाह्यरेषा एका पथात जमा करायच्या, त्या पथाची व्याप्ती एकदाच काढायची आणि मग रंग एकदाच भरायचा. सांध्यावरचे ४० आणि ६० टक्के तेव्हा खरोखरच मिळून १०० होतात आणि चढलेला भाग दोनदा मोजला जात नाही. भरण्याचा नियम येथे निर्णायक आहे : कडा किती वेळा ओलांडल्या ती संख्या सम की विषम एवढेच पाहणारा सम-विषम नियम वापरला तर दोन शिरोरेखा जेथे एकमेकींवर आल्या तेथे भोक पडते, म्हणून शून्येतर वळणसंख्येचा (कडा एखाद्या बिंदूभोवती दिशेनुसार किती फेरे घालतात ते मोजणारा) नियमच हवा. त्यातही एक अडचण आहे. ट्रूटाइप फॉन्टमध्ये बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि पोस्टस्क्रिप्ट पद्धतीच्या बाह्यरेषांत उलट दिशेने काढलेली असते; दोन वेगळ्या प्रकारांचे फॉन्ट एकाच पथात मिसळले आणि त्यांचे ग्लिफ एकमेकांवर आले तर वळणसंख्या एकमेकींना रद्द करतात. म्हणून प्रत्येक फॉन्टच्या तुकड्याचा पथ वेगळा ठेवला आहे.

याची किंमत म्हणजे सुट्या ग्लिफांची चित्रे साठवून पुन्हापुन्हा वापरण्याची जुनी सोय देवनागरीसाठी बंद झाली. तिच्या जागी पूर्ण शब्दाची व्याप्ती साठवली जाते, आणि तिची ओळख मजकूर, फॉन्ट, आकार, भाषा आणि पिक्सेलमधील अपूर्णांकी जागा या सर्वांवरून ठरते. आलेखात तीच ती नावे पुन्हा येत असल्यामुळे हा साठा चांगला उपयोगी पडतो.

नावाभोवतीच्या पांढऱ्या कडेलाही हाच नियम लागू केला. पातळीच्या निळ्या रेषेवर ‘इशारा पातळी’ वाचता यावे म्हणून अक्षरांभोवती पांढरी कड काढतात. एकेका ग्लिफाची कड आणि मग भरण, असा क्रम ठेवला तर पुढच्या ग्लिफाची पांढरी कड मागच्या ग्लिफाची शिरोरेखा खाते आणि शब्दाचे तुकडे पडतात. आता आधी संपूर्ण शब्दाची कड आणि त्यानंतर संपूर्ण शब्दाचे भरण होते. कडेचे कोपरे गोल ठेवले आहेत, त्यामुळे शाईची चौकट प्रत्येक बाजूला कडेच्या जाडीच्या निम्म्याने वाढते. टोकदार कोपऱ्यांत ती त्याहून पुढे जाऊ शकते आणि मापन अवघड होते.

९ मे २०२५

नाव अक्षावरील खुणेसमोर उभ्या दिशेने मध्यावर कसे बसवायचे, यासाठी फॉन्टमध्ये लिहिलेली लहान आणि मोठ्या अक्षरांची उंची उपयोगाची नाही, कारण ती रोमन लिपीची मापे आहेत. देवनागरी शब्दाचा दृश्य भार शिरोरेखा आणि आधाररेषा यांच्यामध्ये असतो, आणि वरखालची चिन्हे असोत वा नसोत, डोळा तोच पट्टा मध्य म्हणून धरतो. शाईच्या चौकटीचा मध्य घेतला तर ‘करवीर’ आणि ‘कागल’ वेगवेगळ्या उंचीवर बसतात, आणि बारा तालुक्यांची यादी वरखाली हलल्यासारखी दिसते. फॉन्टच्या आधाररेषांच्या तक्त्यात लटकत्या रेषेची नोंद असेल तर ती घ्यायची, नसेल तर ज्याच्यावर कोणतेही चिन्ह नाही अशा ‘प’ या अक्षराच्या शाईचा वरचा काठ शिरोरेखेचा काठ मानायचा, असे ठरवले आहे.

आकड्यांना शिरोरेखा नसते, म्हणून त्यांचा मध्य वेगळा काढावा लागतो. दहाही अंकांची एकत्रित शाईची चौकट घेऊन तिचा मध्य सर्व आकड्यांसाठी वापरला आहे. ‘३१ फूट ७ इंच’ आणि ‘४३ फूट ० इंच’ एकाखाली एक येतात तेव्हा स्तंभ सरळ राहावा म्हणून अंकांचे ॲडव्हान्स समान आहेत का हे फॉन्ट उघडतानाच तपासले जाते. समान नसतील आणि फॉन्टमध्ये समरुंद अंकांची सोय असेल तर ती सुरू केली जाते.

उभ्या अक्षाचे शीर्षक नव्वद अंशांत फिरवताना आधी आडव्या अवस्थेत मोजायचे, मग चौकटीचे चारही कोपरे फिरवायचे.

१६ मे २०२५

मजकुराची भाषा हा आता सक्तीचा घटक केला आहे. देवनागरी ही लिपी मराठी, हिंदी, नेपाळी यांना समान असली तरी ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीतील रूपे वेगळी आहेत. राज्य शासनानेही पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपे मराठीसाठी मान्य केली आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात त्यात भाषा मराठी आहे असे शेपिंगच्या वेळी सांगितले तरच मराठी रूप निवडले जाते. न सांगितल्यास ‘शिरोळ’, ‘शाहूवाडी’, ‘कागल’ आणि ‘कोल्हापूर’ परक्या वळणाने उमटतात. या रूपांची रुंदीही वेगळी असू शकते, म्हणून भाषा न सांगता मोजणे आणि सांगून रंगवणे हा दोष पुन्हा शिरू नये यासाठी भाषा रचलेल्या मजकुराच्या वस्तूतच बांधली आहे. पूर्वनिर्धारित मूल्य यंत्राच्या भाषेवरून घ्यावे ही सूचना मी स्वीकारलेली नाही, कारण इंग्रजी मांडणीच्या संगणकावरही आलेख मराठीच असतो.

२७ मे २०२५

जागा अपुरी पडली की नाव तोडून पुढे तीन टिंबे देण्याची सोय आलेखात आहे. जुना कोड बाइट मोजून तोडत होता. संकेत मोजून तोडले तरी काम भागत नाही : ‘हातकणंगले’ मात्रेच्या आधी तुटला तर ‘हातकणंगल…’ असा वेगळाच शब्द दिसतो, आणि उरलेली मात्रा पुढच्या ओळीत गेली तर तिच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. तोडण्याची जागा युनिकोडच्या अक्षरगटांच्या नियमांवरून ठरवली आहे. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये भारतीय लिपींतील जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम जोडला गेला. त्यानुसार ‘गडहिंग्लज’चे ग, ड, हिं, ग्ल, ज असे पाच गट होतात, त्याआधीच्या नियमांनी ‘ग्’ आणि ‘ल’ वेगळे पडून सहा होत असत आणि ‘गडहिंग्…’ अशी तोड शक्य होती. ज्या संगणकांवर जुनी आवृत्ती आहे तेथेही नवाच नियम लागावा म्हणून त्याचा तक्ता लायब्ररीत ठेवला आहे.

तोडल्यावर उरलेला भाग पुन्हा रचायचा की आधीच्या ॲडव्हान्समधून वजाबाकी करायची, हा वेगाचा प्रश्न होता. हार्फबझ प्रत्येक ग्लिफावर ‘येथे तोडल्यास फेररचना आवश्यक’ अशी खूण देते. ती नसेल तेथे वजाबाकी, असेल तेथे फेररचना. दोन ओळींत विभागणारी शीर्षके केवळ शब्दांमधील मोकळ्या जागेवर तुटतील. मराठी शब्द संयोगचिन्ह घालून तोडण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही.

शीर्षक रुंदीभर पसरवण्यासाठी अक्षरांमध्ये अंतर घालण्याचा पर्याय देवनागरीसाठी बंद केला आहे, कारण त्याने शिरोरेखा तुटते. जास्तीची जागा शब्दांमध्येच वाटली जाईल.

५ जून २०२५

पीडीएफमध्ये फॉन्टमधील वापरलेल्या ग्लिफांचाच उपसंच जोडला जातो. प्रत्येक ग्लिफासाठी कोणता संकेत हे सांगणारा तक्ता जोडला की रोमन मजकूर शोधता आणि नकलता येतो. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी आधी आल्यामुळे त्या तक्त्याने ‘शिरोळ’ची नक्कल चुकलेल्या क्रमाने येते. म्हणून प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा मूळ मजकूरही पीडीएफच्या त्यासाठीच्या खुणेत लिहिला आहे. दृष्टिहीन वाचकांसाठी आलेख वाचून दाखवणाऱ्या साधनालाही त्याचा आधार मिळतो.

एसव्हीजीमध्ये दोन मार्ग होते : मजकूर म्हणून लिहायचा, तर समोरच्या यंत्रावर तोच फॉन्ट असेल याची खात्री नाही आणि आपली मापे व्यर्थ ठरतात, बाह्यरेषा म्हणून लिहायचा, तर रूप अचूक राहते पण मजकूर शोधता येत नाही. पूरपातळीच्या आलेखात रूपाच्या अचूकतेला प्राधान्य देऊन बाह्यरेषा निवडल्या आणि मूळ मजकूर त्या गटाच्या शीर्षक-घटकात ठेवला.

१२ जून २०२५

चाचण्यांचा संच आज कोडच्या मुख्य शाखेत घेतला. त्यात बाराही तालुक्यांची नावे, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा आणि हिरण्यकेशी या नद्या, ‘बंधाऱ्या’चे तिन्ही प्रकार, रिकामा मजकूर आणि केवळ मोकळी जागा आहे. प्रत्येक नावासाठी ग्लिफांची माळ, एकूण ॲडव्हान्स आणि शाईची चौकट चौसष्टाव्या भागापर्यंत तंतोतंत जुळली पाहिजे; चित्रांची तुलना मात्र पिक्सेलच्या छटेत थोडी सूट देऊन होते, कारण रंगभरणाच्या अंकगणितात यंत्रागणिक शेवटच्या बिटाचा फरक पडतो. हार्फबझ, फ्रीटाइप आणि दोन्ही फॉन्ट यांच्या आवृत्त्या चाचणीच्या नोंदीतच लिहिल्या आहेत. फॉन्टची नवी आवृत्ती आली की ती आपोआप स्वीकारली जाणार नाही. बदललेल्या मापांची यादी पाहून, नावे खरोखर नीट बसतात का हे छापील कागदावर तपासून मगच ती घेतली जाईल.

राजाराम बंधाऱ्याचा आलेख आज तिन्ही रूपांत काढला. ३९ आणि ४३ फुटांच्या रेषा ६० फुटांपर्यंतच्या अक्षावर जवळजवळ येत असल्यामुळे ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’ यांच्या ओळींच्या चौकटी लहान आकाराच्या पीएनजीमध्ये अजूनही एकमेकींवर येतात, जरी त्यांची शाई भिडत नाही. टक्कर ठरवताना अशा ठिकाणी शाईची चौकट घ्यावी आणि तिच्याभोवती पांढऱ्या कडेइतकी जागा राखावी, असा बदल पुढील कामात घेतला आहे.